टूलला कळतं, एवढ्यावर भागत नाही

डेटा इंटिग्रेशनच्या प्रकल्पात नावांचा विषय निघाला की खोलीतला सर्वांत अनुभवी माणूस बहुधा तो बाजूला सारतो. त्याचं म्हणणं ठरलेलं असतं. टूल स्वतःच तात्पुरती टेबलं तयार करतं आणि स्वतःच काढून टाकतं. त्यांची नावं टूलला माहीत असली की झालं. डिफॉल्ट प्रिफिक्स इतरांकडे चालतात, आपल्याकडेही चालतील. कुठला डेटा कुठून आला ते लिनिएजच्या चित्रात दिसतं, उरलेलं कॅटलॉग सांगतो. नावांचे नियम लिहीत बसणं म्हणजे कागदी घोडे नाचवणं, त्यापेक्षा मॅपिंग बांधायला घ्या. आणि आता तर एआय आलंय, ते लावेल अर्थ.

हिंजवडी, खराडी, ऐरोलीत बसून परदेशातल्या बँकांची आणि विमा कंपन्यांची वेअरहाउसं चालवणाऱ्या आपल्या इंजिनिअरांनी हे इतक्या बैठकांत ऐकलं आहे की ते तपासून पाहायची सवयच राहिलेली नाही. मला ते तपासायचं आहे. माझं मत आधीच सांगतो: हा युक्तिवाद चुकीचा आहे, आणि त्याची किंमत तो मांडणारा माणूस सहसा भरत नाही. तो पुढच्या प्रकल्पावर गेलेला असतो. किंमत भरतो तो रात्रपाळीतला सपोर्ट इंजिनिअर आणि डेटाबेस सांभाळणारा डीबीए.

उदाहरण ओरॅकल डेटा इंटिग्रेटरचं घेतो, कारण त्यात नावांचे नियम उघडपणे एका जागी मांडलेले आहेत. फ्रान्समधल्या सनॉप्सिस कंपनीचं हे टूल ओरॅकलने २००६ साली विकत घेतलं. त्याच्या टोपॉलॉजीत प्रत्येक फिजिकल स्कीमाची स्वतंत्र व्याख्या असते. तिथे आधी दोन गोष्टी ठरवायच्या: खरा डेटा राहतो तो डेटा स्कीमा, आणि टूल आपली कामापुरती टेबलं जिथे उभारतं तो वर्क स्कीमा. त्याखाली प्रिफिक्सच्या चौकटी. सोर्समधून आणलेला डेटा जिथे उतरतो त्या लोडिंग टेबलांना सी$_, टार्गेटमध्ये ओतण्यापूर्वी जुळवाजुळव होते त्या इंटिग्रेशन टेबलांना आय$_, तपासणीत नापास झालेल्या ओळी ठेवणाऱ्या टेबलांना ई$_, तात्पुरत्या इंडेक्सना आयएक्स$_. बदल टिपणाऱ्या जर्नल टेबलांना जे$, त्यांच्या व्ह्यूंना जेव्ही$ आणि ट्रिगरना टी$. या चौकटी आधीच भरलेल्या मिळतात. पुष्कळ ठिकाणी डेटा आणि वर्क या दोन्हींसाठी एकच स्कीमा निवडून लोक पुढे जातात. आपण इथे काही निर्णय घेतला असं त्यांना वाटतही नाही. निर्णय मात्र झालेला असतो, आणि तो पुढची कितीतरी वर्षं राहतो.

आता मूळ दाव्याकडे येतो: नावं टूललाच माहीत असली की पुरे. टूलच्या आत हे खरं आहे. नॉलेज मॉड्यूलमधला, म्हणजे टूल ज्या साच्यांवरून कोड तयार करतं त्यांतला, कोड टेबलाचं नाव थेट लिहीत नाही, तो टूलला विचारून घेतो, त्यामुळे प्रिफिक्स काहीही असला तरी मॅपिंग चालतं. पण डेटाबेसकडे टूलच्या खिडकीतून पाहणारे लोक थोडे असतात. डीबीएला दिसते ती डेटाबेसची डिक्शनरी. बॅकअप, जागेचा हिशेब, परवानग्या, ऑडिट हे सगळं टूलच्या बाहेर चालतं. पहाटे तीन वाजता टेबलस्पेस भरली म्हणून फोन येतो तेव्हा फोन घेणाऱ्याकडे टूलचं लॉगिन असेलच असं नाही. त्याच्यासमोर असते टेबलांच्या नावांची यादी. त्या यादीतलं कुठलं टेबल आत्ता पुसलं तरी चालेल आणि कुठलं पुसलं तर सकाळी नोकरी जाईल, हे त्याला नावावरूनच ओळखायचं असतं.

लोडिंग आणि इंटिग्रेशनची टेबलं काम संपल्यावर काढली जातात, हेही अर्धंच खरं. तात्पुरत्या वस्तू पुसायच्या की ठेवायच्या याचा पर्याय नॉलेज मॉड्यूलमध्ये असतो, आणि चूक शोधताना डेव्हलपर तो बंद करतात. सेशन मध्येच पडलं तर टेबलं तशीच राहतात. ई$_ टेबलं तर राहण्यासाठीच असतात: त्यांत नापास ओळीचे सगळे कॉलम असतात, शिवाय चुकीचा संदेश आणि तपासणीची तारीख. म्हणजे ग्राहकाचं नाव, पत्ता, जन्मतारीख यांची एक जास्तीची प्रत. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाला आपला डेटा दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. युरोपात तो जीडीपीआरखाली २०१८पासून लागू आहे. अशी मागणी आल्यावर मुख्य टेबलातली ओळ पुसली जाते. बंद पडलेल्या मॅपिंगच्या नापास टेबलातली प्रत कोण शोधणार? नावाला शिस्त असेल आणि ती टेबलं वेगळ्या स्कीमात असतील तर एका क्वेरीत यादी निघते. नसेल तर प्रत राहून जाते आणि संस्था कायद्याच्या चुकीच्या बाजूला उभी राहते. हा सजावटीचा प्रश्न आहे असं म्हणणाऱ्याने हे उत्तर ऑडिटरसमोर देऊन पाहावं.

डिफॉल्ट नावं चालतात, या दुसऱ्या दाव्याचा समाचार जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण अडचण त्या एका चिन्हात, डॉलरमध्ये, आहे.

ओरॅकलच्या स्वतःच्या एसक्यूएल मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे की अवतरणचिन्हांत न घातलेल्या नावांत डॉलर आणि हॅश वापरू नका, आम्ही ते आग्रहाने टाळायला सांगतो. त्याच ओरॅकलच्या इंटिग्रेशन टूलमध्ये डिफॉल्ट प्रिफिक्स डॉलरचेच आहेत. म्हणजे डिफॉल्ट हा कुणीतरी विचार करून दिलेला सल्ला आहे, हे गृहीतकच इथे कोसळतं. डिफॉल्ट म्हणजे त्या टूलच्या इतिहासात कधीतरी पडलेली सवय.

त्या सवयीने प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. लिनक्सवर रात्रीची साफसफाई शेल स्क्रिप्टने होते. शेलमध्ये डॉलरनंतर येणारा शब्द म्हणजे व्हेरिएबल. स्क्रिप्टमधून एसक्यूएल-प्लसला हिअर-डॉक्युमेंटने 'ड्रॉप टेबल ई$_कस्टमर' असा हुकूम पाठवला आणि डॉलरच्या आधी बॅकस्लॅश द्यायचा राहिला, तर शेल 'अंडरस्कोर कस्टमर' नावाचं व्हेरिएबल शोधतं. ते नसतं, म्हणून त्या जागी काहीच भरत नाही. डेटाबेसपर्यंत पोचतो तो हुकूम 'ड्रॉप टेबल ई' एवढाच. असं टेबल नाही, असं ओरॅकल सांगतो. पण चूक आल्यावर थांब असं वेगळं सांगितलेलं नसेल तर एसक्यूएल-प्लस पुढे जातो आणि शेवटी यशस्वी झाल्याचा कोड परत करतो. शेड्युलरवर जॉब हिरवा दिसतो. टेबल जागच्या जागी असतं, रोज वाढत असतं.

हाइव्हमध्ये अवतरणचिन्हांत न घातलेल्या टेबलाच्या नावात अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढंच चालतं, डॉलर चालत नाही. बिगक्वेरीत टेबलाच्या नावापुढचा डॉलर पार्टिशनची खूण म्हणून वाचला जातो. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये डॉलर म्हणजे ओळीचा शेवट. एकाच ओरॅकल डेटाबेसात जन्मभर राहणाऱ्या प्रकल्पाला यातलं काही सोसावं लागणार नाही, असं कुणी म्हणेल. पण डेटा इंटिग्रेशनचं टूल आणलंच जातं ते एकाहून अधिक प्रकारच्या डेटाबेसांमध्ये ये-जा करायला.

मग काहीजण घाईने डॉलर काढून टाकतात. सी$_ चं सी_ करतात आणि प्रश्न सुटला असं मानतात. त्यांनी नवा धोका ओढवून घेतलेला असतो. एसक्यूएलच्या लाइक शर्तीत अंडरस्कोर म्हणजे कोणतंही एक अक्षर. 'सी_' नंतर टक्क्याचं चिन्ह लावून शोधलं की कस्टमर, क्लेम, कॉन्ट्रॅक्ट अशी इंग्रजी सी अक्षराने सुरू होणारी, एकापेक्षा जास्त अक्षरांची सगळी टेबलं त्या जाळ्यात येतात. साफसफाईच्या स्क्रिप्टने ही यादी घेऊन ड्रॉप चालवला तर काय होईल ते सांगायला नको. एस्केपची तरतूद एसक्यूएलमध्ये आहे, पण ती लिहायला विसरणारी माणसं प्रत्येक टीममध्ये असतात. म्हणून प्रिफिक्स आणि वर्क स्कीमा हे दोन निर्णय एकत्रच घ्यावे लागतात. कामापुरती टेबलं वेगळ्या स्कीमात असतील, आणि साफसफाई करणाऱ्या युजरला डेटा स्कीमात ड्रॉपची परवानगीच नसेल, तर लाइकमधली चूकसुद्धा कुणाचं कायमचं नुकसान करू शकत नाही.

लांबीचीही हीच गोष्ट. ओरॅकलमध्ये नावाची मर्यादा कितीतरी वर्षं ३० बाइट्स होती, १२.२ आवृत्तीपासून ती १२८ झाली. ३० बाइट्सच्या काळात प्रिफिक्सचे तीन बाइट्स गेले की टेबलाच्या खऱ्या नावाला २७ उरत. नाव लांबलं तर ओरॅकल निदान ओरडतो तरी. पोस्टग्रेसक्यूएलची रीत वेगळी आहे. तिथे मर्यादा ६३ बाइट्सची, आणि त्यापलीकडचं शेपूट डेटाबेस गुपचूप कापतो; चूक देत नाही, फक्त एक सूचना देतो, जी जॉबच्या लॉगमध्ये कुणी वाचत नाही. टूलने सोर्सचं नाव, स्कीमाचं नाव, टेबलाचं नाव आणि वर आपला प्रिफिक्स जोडून लांबलचक नाव बनवलं, आणि दोन टेबलांचा फरक नेमका कापलेल्या शेपटात असला, तर डेटाबेसच्या दृष्टीने ती दोन नावं एकच. पहिला जॉब टेबल भरतो. दुसरा 'असेल तर काढून टाक आणि नव्याने तयार कर' म्हणत येतो आणि पहिल्याचा डेटा पुसतो. दोन्ही जॉब हिरवे. (जाता जाता: पोस्टग्रेस देवनागरीतली नावं स्वीकारतो. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइट्स घेतं, म्हणजे २१ चिन्हांत नाव बसवावं लागतं. मराठीत टेबलांची नावं ठेवावीत असं मनापासून वाटणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.)

लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ थोडक्यात सांगतो. अवतरणचिन्हं नसतील तर ओरॅकल नावं मोठ्या अक्षरांत नेतो, पोस्टग्रेस लहान अक्षरांत. मायएसक्यूएलमध्ये टेबलांच्या नावांचं वागणं ऑपरेटिंग सिस्टीमनुसार बदलतं: विंडोजच्या लॅपटॉपवर चाललेली क्वेरी लिनक्सच्या सर्व्हरवर पडू शकते. टूलमध्ये एकच पद्धत ठरवून टाकली की हा विषय संपतो. ठरवली नाही तर तो प्रत्येक नव्या सोर्सबरोबर परत येतो.

विरोधी बाजूचा सर्वांत सशक्त मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि तो मी मानतो. जो सेल्को यांनी 'एसक्यूएल प्रोग्रॅमिंग स्टाइल' या २००५च्या पुस्तकात, आयएसओ १११७९ या मानकाचा आधार घेत, टेबलांना 'टीबीएल' लावण्यावर सडकून टीका केली. त्यांचं म्हणणं रास्त आहे. वस्तू टेबल आहे की व्ह्यू हे डेटाबेस सांगतोच; ते नावात कोंबलं आणि उद्या टेबलाच्या जागी व्ह्यू आला की नाव खोटं बोलू लागतं. कस्टमर टेबलाला कस्टमरच म्हणावं. व्यवसायाच्या टेबलांवर प्रिफिक्सची रांग लावणाऱ्या नियमावल्या मलाही नकोशा वाटतात.

पण हा मुद्दा टूलच्या टेबलांना लागू करणं ही दिशाभूल आहे. ई$_ किंवा त्याच्या जागी तुम्ही जे ठेवाल ते, वस्तूचा प्रकार सांगत नाही. ते सांगतं की ही वस्तू कुणी तयार केली, कशासाठी केली आणि ती किती काळ जगायची आहे. डेटाबेसच्या डिक्शनरीत हे कुठेच नोंदवलेलं नसतं. तिला सी$_ टेबल आणि कस्टमर टेबल यांत फरक दिसत नाही. तिच्या लेखी दोन्ही टेबलंच. म्हणून ही माहिती नावात किंवा स्कीमात ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. सेल्कोंचं नाव पुढे करून डिफॉल्टचं समर्थन करणाऱ्यांनी दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ केली आहे.

नावाचा नियम हे टक्कर टाळायचं यंत्र असतं, हे डीबीटी या डेटा-टूलच्या उदाहरणावरून स्वच्छ दिसतं. डीबीटीमध्ये एखाद्या मॉडेलला वेगळा स्कीमा दिला तर टूल त्याचं नाव थेट वापरत नाही. ज्या टार्गेटवर काम चाललं आहे त्याच्या स्कीमाचं नाव आधी, मग अंडरस्कोर, मग तुम्ही दिलेलं नाव. हे लांबट दिसतं म्हणून अनेक टीम नाव ठरवणारा मॅक्रो बदलतात आणि फक्त आपण दिलेलं नाव ठेवतात. आता एकाच डेटाबेसात काम करणारे दोन डेव्हलपर एकाच स्कीमात लिहू लागतात, आणि चाचणीचा जॉब त्याच डेटाबेसात चालत असेल तर तो प्रॉडक्शनच्या टेबलावर जाऊन बसतो. डीबीटीच्या मार्गदर्शिकेतच ही चूक करू नका असा इशारा आहे. ओरॅकलच्या टूलमध्ये हीच टक्कर दुसऱ्या जागी होते: एकच मॅपिंग एकाच वेळी दोनदा चाललं तर दोन्ही सेशन एकाच नावाचं लोडिंग टेबल काढून टाकतात आणि नव्याने तयार करतात. १२सी आवृत्तीत तात्पुरत्या वस्तूंना दर वेळी वेगळं नाव देण्याचा पर्याय आला. तो वापरला तर टक्कर थांबते, पण पडलेल्या सेशनची टेबलं पुढच्या फेरीत आपोआप पुसली जात नाहीत, साठत जातात. म्हणजे तो पर्याय निवडणाऱ्याने साफसफाईही ठरवायला हवी, आणि साफसफाईला पुन्हा ओळखू येणारं नाव लागतं.

'कागदी घोडे' या आक्षेपाशी मी अर्धा सहमत आहे. चाळीस पानांची नियमावली शेअरपॉइंटवर पडून असते आणि तिसऱ्या महिन्यात आलेल्या डेव्हलपरला ती कुठे आहे हेही माहीत नसतं. त्यावरचा उपाय नियम सोडून देणं हा नाही. नियम टूलच्या सेटिंगमध्ये बसवले की ते कुणाला वाचावे लागत नाहीत. टूल प्रत्येक वेळी ते पाळतं. एक काळजी घ्यावी लागते: ओरॅकलच्या टूलमध्ये ही सेटिंग प्रत्येक फिजिकल स्कीमाला वेगळी असते. डेव्हलपमेंट, टेस्ट आणि प्रॉडक्शन तिन्हींकडे ती सारखी आहे ना, हे हाताने तपासावं लागतं. मॅपिंग फरक सोसतील. हाताने लिहिलेल्या प्रोसीजर, ज्यांत कुणीतरी टेबलाचं नाव थेट टाइप केलं आहे, त्या सोसणार नाहीत.

'नंतर बदलू' हे सर्वांत महागडं वाक्य. नापास ओळी पुढच्या फेरीत पुन्हा तपासायचा पर्याय सुरू असेल तर मॅपिंग त्या ओळी ई$_ टेबलातून वाचतं. प्रिफिक्स बदलला की ते नव्या नावाचं रिकामं टेबल वाचू लागतं, आणि जुन्या टेबलात अडकलेले व्यवहार कुणालाही न सांगता प्रवाहातून बाहेर पडतात. जर्नलचं तर अधिकच अवघड आहे: सोर्सवरचे जुने ट्रिगर जुन्या जे$ टेबलातच बदल लिहीत राहतात आणि टूल नव्यात शोधत राहतं. हे टाळता येतं, पण त्यासाठी जॉब थांबवून, जुनी टेबलं रिकामी करून, जर्नल नव्याने सुरू करावं लागतं. चालू प्रॉडक्शनमध्ये अशी सुटी कुणी देत नाही. म्हणून नावं बदलत नाहीत. आणि म्हणूनच ओरॅकलने विकत घेऊन इतकी वर्षं झाल्यावरही त्या टूलच्या रिपॉझिटरीची टेबलं सनॉप्सिसच्या काळातल्या 'एसएनपी' याच अक्षरांनी सुरू होतात, आणि सॅपच्या ग्राहक टेबलाचं नाव केएनए१ हे जर्मन संक्षेपातलं अजून तसंच आहे.

कॅटलॉग आणि एआय यांवर फार लिहिण्याची गरज नाही. कॅटलॉग ज्या टूलशी जोडला आहे तेवढंच दाखवतो. हाताने चालवलेली स्क्रिप्ट आणि अनाथ टेबल त्याच्या लिनिएजमध्ये नसतात. एआयला प्रश्न विचारला की त्याच्यासमोर मुख्यतः टेबलांची आणि कॉलमांचीच नावं ठेवली जातात. डेटा स्कीमात कस्टमरशेजारी आय$_कस्टमर पडलेलं असेल तर त्यातल्या ओळी अर्धवट आहेत हे त्याला कळायला मार्ग नाही. त्यावर बेतलेला आकडा तो तितक्याच खात्रीने देईल. ज्या साधनाच्या भरवशावर नावांकडे दुर्लक्ष करायचं म्हणता, त्याचीच भिस्त नावांवर आहे.

नवा प्रकल्प सुरू करणाऱ्यांना माझी विनंती आहे. पहिलं मॅपिंग बांधण्याआधी डीबीएला शेजारी बसवा आणि फिजिकल स्कीमाची सेटिंग उघडा. वर्क स्कीमा वेगळा करा. डॉलर काढा आणि त्या जागी टीमबाहेरच्या माणसालाही कळेल असा, व्यवसायाच्या कुठल्याही टेबलाच्या सुरुवातीशी न जुळणारा प्रिफिक्स द्या. ज्या डेटाबेसात नावाची मर्यादा सर्वांत आखूड आहे तिच्यातून प्रिफिक्सची लांबी वजा करा आणि उरलेला आकडा डेव्हलपरांना सांगा. नापास ओळींची टेबलं किती दिवसांनी रिकामी होणार आणि ती कोण करणार, हे त्याच बैठकीत लिहून घ्या. मग तीच सेटिंग टेस्ट आणि प्रॉडक्शनमध्येही करा. एका दुपारचं काम आहे, आणि पहिला जॉब चालायच्या आधीच ते स्वस्तात होतं.